जो भेटायला येतच नाही

अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजच्या ॲडव्हायझिंग ऑफिसात, म्हणजे विद्यार्थ्यांना अभ्यासाबद्दल सल्ला देणाऱ्या ऑफिसात, डोकावलं, तर बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेली मुलं पाहून सगळं नीट चाललंय असंच वाटतं. त्यांनी वेळ घेतलेली असते, पुढच्या सेमिस्टरला कोणते विषय घ्यायचे याची यादी केलेली असते, प्रश्नही तयार असतात. ही मुलं बहुधा तरून जाणारीच असतात. ज्याच्यासाठी एवढं सगळं उभारलं, तो विद्यार्थी त्या खुर्चीपर्यंत पोचतच नाही. आपण अडचणीत आहोत हे त्याला कळलेलं नसतं. कळलं तरी सांगायची लाज वाटते. आणि घरातून कॉलेजात जाणारा तो पहिलाच असेल, तर असं काही ऑफिस आहे आणि तिथे बसलेल्या माणसाचं कामच आपल्याला मदत करणं आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून एखाद्या कॉलेजची ही रचना कशी आहे, हे मला एका प्रश्नावरून कळतं. न येणाऱ्या विद्यार्थ्याची चौकशी करायची कोणी? त्या माणसाचं नाव सांगता येतं का? ‘आमच्याकडे सगळेच लक्ष देतात’ असं उत्तर आलं, की तिथे कोणीही लक्ष देत नाही असं समजावं.

ही गरज मुळात निवडीच्या स्वातंत्र्यातून आली. सगळ्यांना एकच अभ्यासक्रम होता तोवर काय घ्यायचं हे विचारण्याची वेळ कोणावर येत नव्हती. १८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडू देण्याची पद्धत रुजवली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७० च्या दशकातच विद्यार्थ्यांना सल्लागार प्राध्यापक नेमून द्यायला सुरुवात केली. पुढे शंभर वर्षं हे काम प्राध्यापकांनी शिकवण्याच्या जोडीला केलं, कोणी मनापासून तर कोणी सही करून. १९७९ साली ॲडव्हायझरांची ‘नाकाडा’ ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा हा स्वतंत्र व्यवसाय असल्याचं रीतसर मान्य झालं. आज मोठ्या विद्यापीठांत पूर्णवेळ ॲडव्हायझर असतात. मानसिक आरोग्याचे समुपदेशक वेगळे, नोकरीसाठी मदत करणारे वेगळे, आर्थिक मदतीचं खातं वेगळं. ॲडव्हायझरने या सगळ्यांचं काम करायचं नसतं. कोणाकडे, कधी आणि कोणता कागद घेऊन पाठवायचं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक हवं.

रचनेचे प्रकार पुस्तकात बरेच सापडतात. ॲडव्हायझिंगचे अभ्यासक वेस हॅबली यांनी १९८३ साली सात प्रकार मांडले होते. प्रत्यक्षात तीन लक्षात ठेवले तरी पुरतात: सगळे ॲडव्हायझर एका केंद्रात, प्रत्येक विभागाचा आपापला ॲडव्हायझर, किंवा दोन्हींची वाटणी, म्हणजे पहिलं-दुसरं वर्ष केंद्राकडे आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरला की विभागाकडे.

विभागातल्या प्राध्यापकाला विषय आतून माहीत असतो. संशोधनाची दारं, पुढच्या शिक्षणाचे रस्ते, कोणता विषय कोणाकडे शिकावा, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. पण त्याचा करार साधारण नऊ महिन्यांचा असतो, आणि नव्या मुलांची पहिली विषयनोंदणी जून-जुलैत होते. म्हणजे सगळ्यांत कच्च्या विद्यार्थ्याला सगळ्यांत जास्त मदत हवी असते, तेव्हाच प्राध्यापक कॅम्पसवर नसतात. शिवाय बढती आणि कायम नेमणुकीच्या वेळी संशोधन पाहतात, शिकवणं पाहतात. ॲडव्हायझिंग कुठेतरी ‘सेवा’ या सदरात एका ओळीत जातं. ज्या कामाची दखल कोणी घेत नाही ते माणूस किती वर्षं जीव ओतून करेल? केंद्राच्या पूर्णवेळ ॲडव्हायझरचं उलटं. तो बारा महिने हजर असतो, नियम त्याला तोंडपाठ असतात, पण रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात प्रत्यक्षात काय पेलावं लागतं हे त्याला ऐकूनच ठाऊक असतं.

मला वाटणी बरी वाटते. पण तिच्यात एक खड्डा आहे, आणि तो सगळ्यांना माहीत असूनही वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो हस्तांतराचा.

विद्यार्थ्याने मेजर जाहीर केला, किंवा त्याचे ४५ क्रेडिट (आठवड्याला वर्गात एक तास म्हणजे साधारण एक क्रेडिट) झाले, की संगणकात त्याच्या नावापुढचा ॲडव्हायझर बदलतो. जुन्या ॲडव्हायझरच्या यादीतून तो गेला. नव्याच्या यादीत आला खरा, पण नव्याने ती यादी उघडलेली नाही. विद्यार्थ्याला एक ईमेल गेला, तो त्याने वाचला नाही. मधले चार-पाच महिने तो कोणाचाच नसतो, आणि नेमक्या याच काळात मेजरचे पहिले अवघड विषय सुरू होतात. यावरचा उपाय साधा आहे: जुन्या ॲडव्हायझरने नव्याशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाच मिनिटांची ओळख करून द्यायची, नव्याने ३० दिवसांत पहिली भेट घ्यायची, आणि ती भेट झाल्याची नोंद पडेपर्यंत विद्यार्थी जुन्याच्याच यादीत ठेवायचा. तिसरी अट पाळली नाही तर पहिल्या दोन कागदावरच राहतात.

आता संख्येकडे यावं लागतं, कारण हेतू कितीही चांगला असला तरी ताशी साठच मिनिटं असतात. नाकाडाच्या २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत एका पूर्णवेळ ॲडव्हायझरमागे विद्यार्थ्यांचा मध्यांक २९६ निघाला होता. आपण ३०० धरू. प्रत्येकाला सेमिस्टरमध्ये एकदाच अर्धा तास द्यायचा म्हटलं तर १५० तास झाले. आठवड्याच्या ४० तासांतून भेटीच्या नोंदी, ईमेल, बैठका, पदवीची तपासणी, अपवादांचे अर्ज हे वजा केलं तर समोरासमोर बसायला २५ तास मिळाले तरी नशीब. म्हणजे सहा आठवडे पूर्ण भरलेले, एकही आजारपण न धरता. पण पुढच्या सेमिस्टरचं वेळापत्रक लागल्यापासून नोंदणी सुरू होईपर्यंत जेमतेम तीन-चार आठवडे असतात आणि सगळ्यांना तेव्हाच यायचं असतं. विद्यार्थी ६०० असतील तर बारा आठवडे लागतील. सेमिस्टर पंधराचंच असतं. अशा ठिकाणी ॲडव्हायझर दहा मिनिटांत विषयांची यादी पाहून होल्ड, म्हणजे नोंदणीवरचं कुलूप, काढतो आणि पुढच्याला हाक मारतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिलेलं गणितच तसं आहे.

गर्दी पसरवणं हा एकच मार्ग उरतो, आणि तो आधीच्या सेमिस्टरला ठरवावा लागतो. ज्यांचे ग्रेड घसरून ते प्रोबेशनवर, म्हणजे ताकिदीवर, आहेत, त्यांना पहिल्या तीन आठवड्यांत बोलवा, कारण नंतर काही वाचवता येत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्यांची तपासणी दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात करा, म्हणजे एखादा विषय राहून गेला असेल तर तो पुढच्या सेमिस्टरला घेता येईल. नव्या मुलांना चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, पहिल्या चाचणीचे गुण हातात असताना बोलवा. जे सरळ रुळावर आहेत अशांच्या दहा-बारा जणांच्या गटाला एकत्र ४५ मिनिटं बसवलं तरी चालतं; नियम सगळ्यांना सारखेच सांगायचे असतात. आणि पहिला आठवडा, म्हणजे विषय घ्यायचा-सोडायचा आठवडा, वेळ न घेता येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवा. यात आणखी एक गोष्ट मी घालेन: विद्यार्थी मोजताना सगळे सारखे मोजू नयेत. पहिल्या वर्षाचा, दुसऱ्या कॉलेजातून आलेला किंवा प्रोबेशनवरचा विद्यार्थी दीड किंवा दोन धरावा. ३०० चा आकडा दोन ॲडव्हायझरांच्या पाट्यांवर सारखा दिसत असेल, पण एकाकडे सगळे चौथ्या वर्षाचे आणि दुसऱ्याकडे सगळे नवखे असतील तर ती वाटणी न्यायाची नाही.

नोंदणीवर होल्ड लावून मुलांना भेटीला भाग पाडण्याबद्दल दोन मतं आहेत. होल्ड नसेल तर जो यायला हवा तो येत नाही. होल्ड असेल तर तो येतो, पण शेवटच्या दिवशी, आणि फक्त कुलूप उघडून घ्यायला. तोवर चांगल्या वेळेचे वर्ग भरलेले असतात. पहिल्या वर्षासाठी आणि प्रोबेशनसाठी होल्ड असावा, आणि तो नोंदणीच्या आदल्या दिवशी न लावता सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लावलेला असावा, असं माझं मत आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुरळीत चाललेल्या मुलांना होल्ड लावणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं.

बंद दारामागे त्या अर्ध्या तासात काय व्हावं, यावर १९७२ साली याच क्षेत्रातले अभ्यासक टेरी ओबॅनियन यांनी एक क्रम मांडला होता आणि तो अजून शिळा झालेला नाही. आधी आयुष्यात काय करायचंय, मग कोणत्या कामाकडे जायचंय, मग कोणता अभ्यासक्रम, मग कोणते विषय, आणि सगळ्यांत शेवटी कोणत्या वेळेचा वर्ग. त्याच वर्षी बर्न्स क्रुकस्टन यांनीही सांगितलं की नुसते नियम सांगणं आणि विद्यार्थ्याला स्वतः ठरवायला शिकवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. प्रत्यक्षात बहुतेक भेटी पाचव्या पायरीवर सुरू होतात आणि तिथेच संपतात, कारण विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन आलेला असतो: ‘मंगळवारी सकाळचा वर्ग भरलाय, दुसरा कोणता घेऊ?’ त्याला आधी तेवढं उत्तर द्यावं. पोटातली तातडी शमल्याशिवाय कोणी आयुष्याबद्दल बोलत नाही. मग वर चढावं.

वर चढायचं ते प्रश्नांनी, आणि प्रश्न विचारण्यातच सगळं कसब आहे. ‘काही अडचण?’ याला उत्तर ‘नाही’ असतं. जवळजवळ नेहमी. ‘सगळं ठीक चाललंय ना?’ यावर ‘हो’. त्याऐवजी नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येणार नाही असं काहीतरी विचारावं:

‘या आठवड्यात कोणत्या विषयाचा अभ्यास पुढे ढकललास?’

‘केमिस्ट्रीचा.’

‘शेवटचं होमवर्क कधी जमा केलंस?’

‘...दोन राहिलीत.’

‘कामावर आठवड्याला किती तास असतोस?’

‘तीस. कधी पस्तीस.’

इथे तीन वाक्यांत जे हाती लागलं ते अर्ध्या तासाच्या गोड गप्पांत लागलं नसतं. १५ क्रेडिट आणि ३० तासांची नोकरी हे गणित बहुतेकांना झेपत नाही: वर्गात १५ तास, दर क्रेडिटमागे घरी दोन तास धरले तर आणखी ३०, आणि वर नोकरीचे ३०. आठवड्याचे ७५ तास. हे कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. काय कमी करायचं हे त्याने बोलावं.

पण इथेच घाईत दिलेला सल्ला महागात पडतो. ‘मग केमिस्ट्री सोडून दे’ हे म्हणायला सोपं आहे. विषय सोडण्याआधी किमान चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, आज कोणती तारीख आहे: विषय घेण्या-सोडण्याच्या मुदतीत सोडला तर गुणपत्रिकेवर खूणही राहत नाही, नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची खूण, लागतो आणि फीचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. दुसरी, १२ क्रेडिटची रेघ: त्याखाली गेलं की पूर्णवेळ विद्यार्थ्याचा दर्जा जातो. परदेशातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी परवानगी न घेता ही रेघ ओलांडली, तर त्याचा देशात राहण्याचा कायदेशीर दर्जाच धोक्यात येतो. त्या पूर्णवेळ हिशेबात ऑनलाइन विषय एकच धरला जातो, तीन क्रेडिटपर्यंत, हेही पुष्कळांना उशिरा कळतं. तिसरी, सरकारी आर्थिक मदतीची प्रगतीची अट. घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पार पडावे लागतात, आणि ‘डब्ल्यू’ हा घेतलेल्यात मोजतात, पार पडलेल्यात नाही. वर्षभरात ३० क्रेडिट घेतले, त्यातले २१ पास झाले तर ७० टक्के, म्हणजे सुटला. त्यातला आणखी एक तीन क्रेडिटचा विषय सोडला की १८ उरतात, ६० टक्के, आणि पुढच्या वर्षीची मदत अडकते. चौथी, हा विषय पुढच्या कोणत्या विषयाची पूर्वअट आहे, आणि तो पुन्हा कधी शिकवणार आहेत.

आणि सगळेच विषय सोडून घरी जायचं ठरवलं असेल तर वेगळाच नियम लागतो: सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटण्याआधी पूर्ण बाहेर पडलं, तर सरकारी मदतीचा न ‘कमावलेला’ भाग परत करावा लागतो, आणि तो आकडा कॉलेजच्या बिलाच्या रूपाने विद्यार्थ्याच्या अंगावर येतो. दहा दिवस थांबला असता तर वाचला असता, अशी प्रकरणं होतात. म्हणून ॲडव्हायझरच्या भिंतीवर कॅलेंडर असावं आणि त्यावर या तारखा ठळक असाव्यात.

पूर्वअटीचा तो चौथा मुद्दा थोडा उलगडायला हवा. गणिताची साखळी घ्या. इंजिनीअरिंगसाठी कॅल्क्युलस एक, दोन, तीन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, अशी सरळ चार सेमिस्टरं जातात. आधी प्रीकॅल्क्युलस करावं लागलं तर पाच, कॉलेज अल्जिब्रापासून सुरुवात असेल तर सहा. भौतिकशास्त्र कॅल्क्युलसला बांधलेलं, स्टॅटिक्स भौतिकशास्त्राला बांधलेलं, आणि तिसऱ्या वर्षाचे विषय या सगळ्यांना. यातली एक कडी चुकली आणि तो विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील, तर अख्खं वर्ष पुढे सरकतं. म्हणून चार वर्षांचा आराखडा करताना पदवीकडून मागे यावं: शेवटच्या सेमिस्टरचा प्रकल्प, त्याच्या पूर्वअटी, त्यांच्या पूर्वअटी, असं करत पहिल्या सेमिस्टरपर्यंत. जे विषय कुठल्याही साखळीत नाहीत, ते उरलेल्या जागी भरावेत. पुष्कळदा उलटं होतं. पहिल्या वर्षी ‘आधी सोपे उरकून घे’ म्हणून सगळे मोकळे विषय संपवतात, आणि तिसऱ्या वर्षी एकाच वेळी पाच अवघड विषय उरतात, हलका एकही नाही.

बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात. आठ सेमिस्टरांत ते व्हायचे तर प्रत्येक वेळी १५ हवेत. पूर्णवेळ म्हणवून घ्यायला १२ पुरतात, आणि १२ च्या गतीने १२० व्हायला दहा सेमिस्टरं, म्हणजे पाच वर्षं लागतात. हा भागाकार पहिल्याच भेटीत करून दाखवला पाहिजे. कमी घेणं ही चूक नाही. न कळता कमी घेणं ही आहे.

डिग्री ऑडिट नावाचं सॉफ्टवेअर आता बहुतेक ठिकाणी आहे. काय झालं, काय उरलं, हे हिरव्या-लाल खुणांनी दिसतं. मेजर बदलला तर काय होईल हेही पाहता येतं. फार उपयोगी आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. एखाद्या विषयाऐवजी दुसरा चालेल असं विभागप्रमुखाने तोंडी कबूल केलं आणि तो अपवाद रजिस्ट्रारकडे नोंदलाच गेला नाही, तर ऑडिट शेवटपर्यंत लालच राहतं आणि पदवीदानाच्या महिन्यात धावाधाव होते. दुसऱ्या कॉलेजातून आणलेल्या क्रेडिटची तर वेगळीच कथा. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखा कार्यालयाने २०१७ साली अंदाज काढला, की कॉलेज बदलताना विद्यार्थी सरासरी ४३ टक्के क्रेडिट गमावतात. यात फसगत अशी, की काही वेळा क्रेडिट ‘मान्य’ होतात पण ‘ऐच्छिक’ म्हणून. एकूण आकडा वाढतो, मेजरची एकही अट पुरी होत नाही. ‘तुझे ६० चे ६० क्रेडिट घेतले’ हे ऐकून मुलगा खूश होतो. त्याने विचारायला हवं ते हे: यातले किती माझ्या पदवीच्या नेमक्या कोणत्या रकान्यात बसले? आणि हे उत्तर प्रवेशाचे पैसे भरण्याआधी, लेखी मिळायला हवं.

मग जो येत नाही त्याला शोधायचं कसं? यावर सगळ्यांत मोठा प्रयोग अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने केला. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या आणि कुठे घसरण सुरू होते याच्या ८०० हून अधिक खुणा काढल्या. २०१२ पासून ही यंत्रणा दर रात्री सगळ्यांच्या नोंदी पाहते. काही खटकलं तर ॲडव्हायझरच्या पडद्यावर सूचना येते आणि त्याने साधारण ४८ तासांत विद्यार्थ्याशी संपर्क साधायचा असतो. यातलं एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. राज्यशास्त्राच्या पहिल्या विषयात ‘ए’ मिळालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वेळेत पदवी घेत होते. ‘सी’ मिळालेल्यांपैकी साधारण पाव. आणि ‘सी’ म्हणजे पास! तोवर त्या मुलांना कोणी बोलावत नव्हतं, कारण नियमाने त्यांचं काही बिघडलं नव्हतं. आता ‘सी’ दिसताच बोलावतात, लिहिण्या-वाचण्यात कुठे कमी पडतंय ते पाहतात.

या यशाची बातमी सांगताना लोक सॉफ्टवेअरचं नाव घेतात. पण त्याच वेळी विद्यापीठाने ४२ नवे ॲडव्हायझर नेमले आणि एका माणसामागची संख्या ७०० च्या घरातून ३०० च्या आसपास आणली, हे मात्र सांगायचं राहतं. काही डॉलर कमी पडून नोंदणी रद्द होत असलेल्यांना छोटी अनुदानंही दिली, साधारण ९०० डॉलरची. २००३ साली सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण ३२ टक्के होतं, ते पुढे पन्नाशीच्या वर गेलं. नुसतं सॉफ्टवेअर विकत घेतलेल्या कॉलेजांत काय होतं? सूचना येतात, साठत जातात, कोणी उघडत नाही. प्राध्यापकांना पाचव्या आठवड्यात ‘कोण गैरहजर आहे ते कळवा’ म्हणावं, त्यांनी कळवावं, आणि पुढे काय झालं हे त्यांना कधीच समजू नये. मग पुढच्या वर्षी ते कळवत नाहीत. सूचना बंद करताना कळवणाऱ्या प्राध्यापकाला दोन ओळी गेल्याच पाहिजेत: भेटलो, ट्यूटरकडे पाठवलं.

शिवाय भाकीत हे शस्त्रही होऊ शकतं. काही मोठ्या विद्यापीठांच्या धोका मोजणाऱ्या सूत्रांत विद्यार्थ्याचा वंश हाही एक घटक धरला जात होता, हे २०२१ साली उघड झालं. ज्या मुलीच्या नावापुढे तिने एकही परीक्षा देण्याआधी लाल ठिपका लागलेला असतो, तिला ‘विज्ञान जरा जड जाईल हं’ असं प्रेमाने सांगणारा कोणीतरी भेटतोच. तिने केलेल्या गोष्टींवरून, म्हणजे न दिलेल्या होमवर्कवरून, घसरलेल्या गुणांवरून, हाक मारावी. ती कोण आहे यावरून नाही.

माणसांवर भर दिला की काय घडतं, याचा भक्कम पुरावा न्यूयॉर्कचा आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या कॉलेजांत, २००७ साली ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं. फीची उरलेली रक्कम, पुस्तकं आणि सबवे-बसचा महिन्याचा पास कॉलेजने द्यायचा. आणि ॲडव्हायझरला महिन्यातून दोनदा भेटायचं. पास भेटीशी बांधलेला होता. चिठ्ठी काढून विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून केलेल्या अभ्यासात एका ॲडव्हायझरकडे ६० ते ८० विद्यार्थी होते. इतर विद्यार्थ्यांसाठी हा आकडा ६०० ते १,५०० होता. तीन वर्षांत कार्यक्रमातल्या ४० टक्के मुलांनी पदवी घेतली, बाहेरच्या २२ टक्के. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तोच नमुना घेतला, तिथेही प्रमाण जवळपास दुप्पट झालं. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, हे खरंच. पण पदवी घेणारे इतके वाढले, की दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. अंदाजपत्रक करणारे पहिला आकडा पाहून कार्यक्रम नाकारतात, दुसऱ्यापर्यंत येतच नाहीत, याची मला चीड येते.

भेटीची नोंद लिहिणं हे काम कंटाळवाणं, पण ॲडव्हायझर बदलला तर विद्यार्थ्याची सगळी हकिगत तिच्यातच असते. १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे, तेव्हा तो शेजारी बसून वाचतोय असं समजून लिहावं. ‘आळशी वाटतो, गांभीर्य नाही’ ही नोंद नव्हे, शेरा आहे. ‘केमिस्ट्रीची दोन होमवर्क राहिली, नोकरी आठवड्याला ३० तास, तास २० वर आणता येतात का ते मालकाला विचारणार, ट्यूटरिंगची वेळ गुरुवारी घेतली, पुढच्या बुधवारी मी फोन करेन’ ही नोंद. काय घडलं, काय ठरलं, कोण करणार, कधी. घरगुती किंवा तब्येतीचा तपशील, जो पुढच्याला लागणार नाही, तो त्यात घालू नये.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं, त्या ॲडव्हायझरांना पगार बेताचा आणि वर चढायला पायऱ्याच नसतात. दोन वर्षांत नियम, माणसं, विभागांच्या तऱ्हा समजतात, आणि तेवढ्यात तो दुसऱ्या खात्यात जातो. विद्यार्थ्याला चार वर्षांत तीन ॲडव्हायझर होतात, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. कनिष्ठ, वरिष्ठ, प्रशिक्षक अशा तीन पायऱ्या ठेवल्या, वरिष्ठाला अवघड प्रकरणं आणि थोडी कमी संख्या दिली, तर माणसं टिकतात. नव्याला पहिल्या आठवड्यातच ३०० नावं देऊन बसवू नये. आधी अनुभवी माणसाच्या शेजारी बसून भेटी ऐकाव्यात, मग त्याने घ्याव्यात आणि अनुभवी माणसाने ऐकाव्यात. संख्या ५० पासून वाढवावी. आणि त्याचं काम ‘किती भेटी झाल्या’ यावर मोजू नये. तसं मोजलं की तो येणाऱ्यांनाच पुन्हा पुन्हा भेटतो. सहाव्या आठवड्याला त्याच्या यादीतल्या किती जणांशी अजून एकदाही बोलणं झालेलं नाही, तो आकडा पाहावा. त्या नावांना ईमेल, मग मेसेज, मग फोन, आणि तरीही उत्तर नसेल तर त्याच्या एखाद्या वर्गाच्या प्राध्यापकाला विचारावं, की तो निदान वर्गात तरी येतोय का.